‘योग्यतमा’ची निवड की पुरेशा योग्याची? : सिकलसेलच्या इतिहासातून नैसर्गिक निवडीच्या मर्यादांचा शोध

प्रस्तावना

उत्क्रांतीचा सिद्धांत वर्गात शिकविला जातो तेव्हा त्याचे सार बहुधा एका वाक्यात सांगितले जाते : जो सक्षम असेल तोच टिकेल. वर्गाबाहेर हे वाक्य आणखी आखूड होते आणि ‘बळी तो कान पिळी’ या आपल्या जुन्या म्हणीच्या शेजारी जाऊन बसते. त्यातून एक समजूत दृढ होते. निसर्ग हा कठोर परंतु अचूक परीक्षक आहे. त्याच्या हातून जे टिकले ते उत्तम, जे गळाले ते टाकाऊ, आणि आज सजीवांमध्ये जे गुणधर्म दिसतात ते निवडीच्या दीर्घ परीक्षेत पहिले आलेले गुणधर्म आहेत.

ही समजूत कितपत खरी आहे? नैसर्गिक निवड नेहमी सर्वोत्तम गुणधर्मच निर्माण करते काय? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार इतिहासाच्या अंगाने करण्याचा प्रयत्न केला आहे. ‘योग्यतम’ हा शब्द विज्ञानात कसा आला, त्याला खुद्द डार्विनने कोणत्या मर्यादा घातल्या होत्या, त्या मर्यादा पुढे कशा विसरल्या गेल्या आणि विसाव्या शतकाच्या मध्याला एका रक्तविकाराच्या अभ्यासाने त्या पुन्हा कशा समोर आणल्या, हे येथे क्रमाने पाहावयाचे आहे. तो रक्तविकार म्हणजे सिकलसेल. विदर्भात आणि खानदेशाच्या आदिवासी पट्ट्यात काम करणाऱ्या प्राध्यापकाला हा शब्द पुस्तकातून शिकावा लागत नाही. त्याच्या वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याच्या वारंवारच्या गैरहजेरीमागे तो उभा असतो. म्हणूनच हा प्रश्न केवळ जीवशास्त्राच्या अभ्यासकांचा नाही.

‘योग्यतम’ या शब्दाचा प्रवास

चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचे नैसर्गिक निवडीविषयीचे लेखन १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचले गेले आणि नोव्हेंबर १८५९ मध्ये डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या पहिल्या आवृत्तीत ‘योग्यतमाचा टिकाव’ ही शब्दयोजना नाही. ती हर्बर्ट स्पेन्सर या तत्त्वज्ञाने १८६४ साली आपल्या जीवशास्त्रविषयक ग्रंथात प्रथम वापरली. ‘निवड’ म्हटले की कोणीतरी निवडणारा आहे असा वाचकाचा समज होतो, ही अडचण वॉलेसला जाणवत होती. म्हणून त्याने जुलै १८६६ मध्ये डार्विनला पत्र लिहून स्पेन्सरचा शब्द स्वीकारण्याची सूचना केली. डार्विनने ती मानली आणि १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत ‘नैसर्गिक निवड’ या शब्दांना ‘योग्यतमाचा टिकाव’ हे शब्द जोडले.

एक गैरसमज दूर करण्यासाठी घेतलेल्या या शब्दाने दुसरा गैरसमज निर्माण केला. स्पेन्सरच्या इंग्रजीतील ‘फिट’ या शब्दाचा मूळ आशय बळकट किंवा श्रेष्ठ असा नाही. कुलपात किल्ली बसावी तसे परिस्थितीत नीट बसणे, एवढाच तो आशय होता. किल्ली चांगली की वाईट हे कुलूप कोणते यावरच ठरते. परंतु ‘सर्वांत योग्य’ हे विशेषण एकदा रूढ झाले की त्याला संदर्भाची आठवण राहत नाही. ‘कशासाठी योग्य?’ हा प्रश्न गळून पडतो आणि नुसती योग्यता उरते.

डार्विनने घातलेल्या मर्यादा

डार्विनचे स्वतःचे म्हणणे बरेच सावध होते. नैसर्गिक निवड हे बदलाचे प्रमुख साधन आहे, एकमेव नव्हे, असे त्याने पहिल्याच आवृत्तीच्या प्रास्ताविकात स्पष्ट केले होते. याच ग्रंथाच्या सहाव्या प्रकरणात त्याने आणखी महत्त्वाचे विधान केले. निवड कोणत्याही सजीवाला परिपूर्ण बनवीत नाही. त्याच प्रदेशातील स्पर्धकांच्या तुलनेत थोडे सरस, एवढेच ती त्याला बनविते. न्यूझीलंडमधील वनस्पती व प्राणी एकमेकांच्या तुलनेत उत्तम होते. तरीही युरोपातून आलेल्या जातींपुढे ते झपाट्याने मागे हटत होते, हा दाखला त्याने दिला.

मधमाशीच्या नांगीचे उदाहरणही त्याने तेथेच घेतले आहे. कामकरी माशीची नांगी करवतीसारखी दातेरी असते. ती शत्रूच्या अंगात रुतली की बाहेर निघत नाही आणि माशीचाच जीव जातो. एखाद्या कुशल कारागिराने हे हत्यार नव्याने घडविले असते तर असे घडविले नसते. परंतु पूर्वज कीटकातील छिद्र पाडण्याचे जुने अवयव नव्या कामाला जुंपले गेले, आणि पोळ्याला त्याचा लाभ होत असल्यामुळे ही अपुरी रचना टिकून राहिली. पुढे १८७१ साली ‘डिसेंट ऑफ मॅन’मध्ये तर त्याने आपण पूर्वी निवडीला वाजवीपेक्षा अधिक श्रेय दिले असावे, अशी कबुलीही दिली.

डार्विननंतर मात्र सूर बदलला. १८९३ साली जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमन याने निवडीच्या सर्वसमर्थतेचा पक्ष मांडला. त्याचा प्रतिपक्षी होता खुद्द हर्बर्ट स्पेन्सर. त्याच वर्षी स्पेन्सरने निवड अपुरी आहे असे प्रतिपादन केले होते. ‘योग्यतम’ या शब्दाचा जनकच त्या शब्दामागील प्रक्रियेला अपुरी म्हणत होता, हा या इतिहासातील विरोधाभास लक्षणीय आहे.

‘योग्यते’ची सामाजिक किंमत

हा वाद विद्वानांच्या नियतकालिकांपुरता राहिला असता तर त्याला आज एवढे महत्त्व नसते. पण फ्रान्सिस गाल्टन याने १८८३ साली ‘सुप्रजननशास्त्र’ या अर्थाचा नवा शब्द घडविला आणि माणसांची योग्य व अयोग्य अशी प्रतवारी करणारी चळवळ उभी राहिली. निसर्ग अयोग्यांना गाळतो. आधुनिक समाज दयाबुद्धीने त्यांना जगवितो. म्हणून राज्याने निसर्गाचे काम हाती घ्यावे, असा तिचा युक्तिवाद होता. अमेरिकेतील इंडियाना राज्याने १९०७ साली सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. १९२७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनिया राज्याचा अशाच स्वरूपाचा कायदा वैध ठरविला. जर्मनीत नाझी राजवटीने जुलै १९३३ मध्ये केलेल्या कायद्याखाली सुमारे चार लाख लोकांचे निर्बीजीकरण झाले.

या युक्तिवादाचा पाया एकच होता : जनुकांमध्ये चांगले आणि वाईट असे कायमचे दोन गट असतात आणि निवड वाईटांना काढून टाकते. हा पाया शास्त्राच्या कसोटीला उतरतो काय, हे पाहण्यासाठी गणिताची गरज होती. आर. ए. फिशर, सूअल राइट आणि जे. बी. एस. हॉल्डेन या तिघांनी १९२० व १९३० च्या दशकांत ते गणित सिद्ध केले. फिशरने १९२२ सालीच दाखविले होते की, आईकडून एक आणि वडिलांकडून दुसरे अशी दोन वेगळी जनुकरूपे मिळालेली व्यक्ती जर सर्वांत सरस ठरत असेल, तर कोणतेही एक रूप पूर्णपणे जिंकत नाही; दोन्ही रूपे एका ठरावीक प्रमाणात टिकून राहतात. राइटने १९३२ साली इथाका येथील आंतरराष्ट्रीय जनुकशास्त्र परिषदेत शिखरे आणि दऱ्या असलेल्या भूप्रदेशाची उपमा मांडली. दाट धुक्यात केवळ पायांखालचा चढ पाहून चालणारा माणूस जवळच्या टेकडीच्या माथ्यावर पोहोचतो. तेथून कळसूबाई गाठावयाचे तर आधी उतरावे लागेल आणि उतरणे त्याला ठाऊक नाही. निवडीची गत अशीच असते.

हॉल्डेनने तर १९३८ साली ‘हेरेडिटी अँड पॉलिटिक्स’ या पुस्तकात सुप्रजननवाद्यांच्या दाव्यांचा जाहीर समाचार घेतला. तथापि, या सर्व विवेचनाला मानवातील ठोस पुराव्याची जोड अद्याप मिळावयाची होती.

एका रक्तविकाराचा शोध

१९१० साली शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एक नोंद प्रसिद्ध केली. कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यासाठी आलेल्या एका तरुणाच्या रक्तात त्यांना विळ्याच्या आकाराच्या लांबट तांबड्या पेशी आढळल्या होत्या. या विकारात अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना होतात, रक्तक्षय जडतो आणि प्लीहा, हाडे व मेंदू यांना इजा पोहोचते. उपचार नसतील तर अशी बहुतेक मुले बालपणीच दगावत.

१९४९ हे वर्ष या अभ्यासात निर्णायक ठरले. जेम्स नील यांनी या विकाराचे अनुवंशिक गणित उलगडले : आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक मिळाले (एसएस) तर विकार होतो, एकाकडूनच मिळाले (एएस) तर व्यक्ती केवळ वाहक असते आणि सामान्यतः निरोगी जीवन जगते. त्याच वर्षी लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हीमोग्लोबिनच्या रेणूतील दोष असल्याचे दाखविले. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो दोष नेमका हेरला. हीमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते. एवढ्याशा फरकाने पेशीचा आकार बदलतो आणि माणसाचे भवितव्यही.

येथे जुन्या समजुतीपुढे कोडे उभे राहिले. जे जनुक दोन्ही बाजूंनी आले तर मूल दगावते, ते निवडीने केव्हाच पुसून टाकावयास हवे होते. प्रत्यक्षात आफ्रिकेच्या काही भागांत दहापैकी तीन-चार माणसे त्याची वाहक होती. निवड झोपली होती काय?

उत्तराची दिशा हॉल्डेनने सुचविली होती. भूमध्य सागराच्या परिसरात आढळणाऱ्या थॅलॅसेमिया या दुसऱ्या रक्तविकाराविषयी बोलताना त्याने १९४८ च्या स्टॉकहोम परिषदेत असे अनुमान मांडले की, या विकाराच्या वाहकांना हिवतापापासून काही संरक्षण मिळत असावे. ते १९४९ साली छापून आले.

केनियात वाढलेल्या अँथनी ॲलिसन या तरुण वैद्यकाने सिकलसेलविषयी हाच विचार स्वतंत्रपणे केला. १९४९ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मोहिमेत त्याने केनियातील निरनिराळ्या जमातींचे रक्तनमुने तपासले. समुद्रकिनारा आणि व्हिक्टोरिया सरोवर यांच्या आसपास, म्हणजे जेथे हिवताप होता तेथे, वाहकांचे प्रमाण मोठे होते. उंच थंड पठारांवर ते एक टक्क्याहूनही कमी होते. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या लेखांत त्याने पुरावा सादर केला. युगांडातील गांडा समाजाच्या २९० मुलांपैकी जी वाहक नव्हती त्यांतील सुमारे ४६ टक्के मुलांच्या रक्तात हिवतापाचे परजीवी आढळले. वाहक मुलांत हे प्रमाण सुमारे २८ टक्के होते. लुओ समाजातील ३० प्रौढ स्वयंसेवकांना त्याने हिवतापाचा संसर्गही करविला. वाहक नसलेल्या १५ जणांपैकी १४ जणांच्या रक्तात परजीवी दिसले; १५ वाहकांपैकी केवळ दोघांच्या. आजच्या नैतिक निकषांवर हा प्रयोग उभा राहणार नाही, याचीही नोंद येथे करावयास हवी.

समतोलाचे गणित

या पुराव्याचा अर्थ एका साध्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल. पुढील आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, हिवतापाच्या प्रदेशात जन्मलेली सर्व वाहक (एएस) मुले मोठी होतात. सामान्य (एए) मुलांपैकी दहा टक्के हिवतापाने दगावतात. आणि दोन्ही सदोष जनुके असलेले (एसएस) एकही मूल मोठे होत नाही. फिशरच्या सूत्रानुसार सदोष जनुकाचे प्रमाण अकरापैकी एक येथे स्थिरावते. म्हणजे जन्मणाऱ्या दर १२१ मुलांत १०० एए, २० एएस आणि एक एसएस असते. मोठी होतात ती ९० एए आणि २० एएस, अशी एकूण ११०. त्यांच्याकडे मिळून २२० जनुके असतात आणि त्यांतील २० सदोष असतात. म्हणजे पुन्हा अकरापैकी एक. पुढच्या पिढीत तोच हिशेब नव्याने सुरू होतो.

आता या हिशेबात निवडीने काय मिळविले ते पाहू. सदोष जनुक मुळातच नसते तर १२१ पैकी सुमारे १०९ मुले वाचली असती. ते आल्यावर ११० वाचतात. दर १२१ जन्मांमागे जेमतेम एका जीवाचा लाभ, आणि त्यासाठी प्रत्येक पिढीत एक मूल सिकलसेलने व दहा मुले हिवतापाने गमवावयाची. सर्वच मुले वाहक जन्मली असती तर एकही दगावले नसते. परंतु तसे घडणे शक्य नाही. दोन वाहकांच्या पोटी वाहक मूल येण्याची शक्यता निम्मीच असते. उरलेल्या निम्म्यात एए आणि एसएस येतात, हा मेंडेलचा नियम आहे.

या ठिकाणी मूळ प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते. त्या परिस्थितीत सर्वांत योग्य व्यक्ती वाहकच होती, आणि निवडीने तिला अनुकूलताही दाखविली. तरीही ‘वाहक असणे’ हा गुणधर्म निवडीला सर्वांना देता आला नाही, कारण तो जसाच्या तसा वारशाने उतरतच नाही. योग्यतम टिकतो हे खरे मानले तरी योग्यतमाची मुले योग्यतम असतीलच याची हमी निसर्ग देत नाही.

अमेरिकेत एच. जे. म्युलर आणि थिओडोशियस डॉबझान्स्की यांच्यात १९५० च्या दशकात जो वाद चालला होता त्याला या शोधाने वेगळे वजन दिले. प्रत्येक जनुकाचे एकच उत्तम रूप असते आणि बाकीची रूपे हे समाजावरील ओझे आहे, अशी म्युलर यांची धारणा होती. विविधता हाच समतोल असतो, हे डॉबझान्स्की यांचे म्हणणे होते. सिकलसेल हा दुसऱ्या पक्षाचा मानवातील सर्वांत भक्कम दाखला ठरला. अशा समतोलाची निःसंशय उदाहरणे पुढे फारशी सापडली नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९६८ साली मोटू किमुरा यांनी मांडलेल्या उदासीन उत्परिवर्तनांच्या सिद्धांताने वादाची दिशाच बदलली. रेणूंच्या पातळीवरील पुष्कळसे बदल निवडीच्या नजरेतही येत नाहीत, ते योगायोगाने टिकतात किंवा नाहीसे होतात, असे त्यांनी दाखवून दिले.

अधिक चांगला पर्याय मागे का राहिला?

सिकलसेलच्या कथेत याहून उद्बोधक असा एक भाग आहे. हीमोग्लोबिनच्या त्याच साखळीत, त्याच सहाव्या स्थानी, व्हॅलिनऐवजी लायसिन येण्याचा दुसरा बदल पश्चिम आफ्रिकेत आढळतो. त्याला हीमोग्लोबिन ‘सी’ म्हणतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बुर्किना फासोमधील मोठ्या अभ्यासात असे दिसले की, एक ‘सी’ जनुक असलेल्यांत हिवतापाचा धोका सुमारे २९ टक्क्यांनी आणि दोन्ही ‘सी’ असलेल्यांत सुमारे ९३ टक्क्यांनी कमी होता. दोन्ही ‘सी’ असलेल्यांना होणारा त्रास सौम्य रक्तक्षयापुरता असतो. शिवाय दोन ‘सी’ आईवडिलांची सर्व मुले ‘सी’च होतात, म्हणजे हा गुणधर्म जसाच्या तसा वारशाने उतरतो.

कागदावर पाहिले तर ‘सी’ हाच उत्तम उपाय होता. मग ‘एस’ आफ्रिकेच्या विस्तृत पट्ट्यात पसरले आणि ‘सी’ पश्चिमेच्या एका कोपऱ्यात का राहिले? याचे स्पष्टीकरण असे दिले जाते : नवे जनुक प्रारंभी दुर्मिळ असते, म्हणून ते जवळजवळ नेहमी सामान्य जनुकाच्या जोडीनेच आढळते. अशा जोडीत ‘एस’ लगेच मोठा लाभ देते. ‘सी’चा लाभ त्या अवस्थेत थोडका असतो. त्यामुळे ‘एस’ वेगाने वाढते. एकदा ते वाढले की ‘सी’ची गाठ त्याच्याशी पडू लागते, आणि एका बाजूने ‘एस’ व दुसऱ्या बाजूने ‘सी’ मिळालेल्या मुलाला पुन्हा सिकलसेलचाच एक प्रकार होतो. उत्तम उपायाचा मार्ग अशा रीतीने अर्ध्यावरच अडतो. राइटच्या धुक्यातील प्रवाशाने जवळची टेकडी गाठली होती.

निवडीला भविष्याची दृष्टी नसते, हे तत्त्व यातून उघड होते. आज, येथे, हाताशी असलेल्या पर्यायांतून जो किंचित सरस असेल त्यालाच ती उचलते. त्या उचलण्यामुळे उद्याचा अधिक चांगला मार्ग बंद होईल काय, हा विचार तिच्या कक्षेत नाही.

परिस्थिती बदलते, वारसा उरतो

निवड ज्या परिस्थितीत काम करते ती परिस्थितीही स्थिर नसते. फ्रँक लिव्हिंगस्टन या मानववंशशास्त्रज्ञाने १९५८ साली पश्चिम आफ्रिकेविषयी असे प्रतिपादन केले की, जंगल तोडून शेती सुरू झाल्यावर उन्हात साचलेल्या पाण्यात हिवतापाच्या डासांची पैदास वाढली आणि त्यानंतरच सिकलसेलच्या जनुकाला लाभाचे स्थान मिळाले. म्हणजे ज्याला आपण ‘निसर्गाची निवड’ म्हणतो, तिच्यामागे माणसाची कुऱ्हाड आणि नांगरही होता.

गुलामांच्या व्यापाराने हे जनुक अमेरिकेत नेले. तेथे १९५१ पर्यंत हिवतापाचे निर्मूलन झाले; लाभ संपला, किंमत मात्र उरली. त्या किमतीत समाजाने भर घातली. १९६८ साली खुद्द पॉलिंग यांनी वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवावी, अशी सूचना केली. हेतू रोग टाळण्याचा होता. परंतु सुचविलेला उपाय माणसाला डाग देण्याचा होता. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी अनेक राज्यांनी सक्तीच्या तपासणीचे कायदे केले. वाहक आणि रुग्ण यांतील भेद नीट न समजल्यामुळे निरोगी माणसांना विमा व नोकऱ्या नाकारल्या गेल्या. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीने वाहकांना प्रवेश नाकारण्याचे धोरण १९८१ मध्येच सोडले. एका परिस्थितीत ज्याने जीव वाचविला त्याच जनुकाच्या धन्याला दुसऱ्या परिस्थितीत ‘अयोग्य’ ठरविण्यात आले.

भारत आणि महाराष्ट्राचा संदर्भ

हा विकार केवळ आफ्रिकी वंशाचा आहे, ही अमेरिकी वैद्यकातील समजूत मोडण्यात भारताचा वाटा आहे. १९५२ साली हर्मन लेहमन आणि मेरी कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींत सिकलसेलचे वाहक आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्याच दशकात आसामातील चहामळ्यांतील मजुरांत आणि नागपूर परिसरातही ते आढळले. आज महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, नंदुरबार हे जिल्हे आणि मेळघाटासारखे प्रदेश या दृष्टीने महत्त्वाचे मानले जातात. आदिवासी समाजांबरोबरच विदर्भातील काही अनुसूचित जातींत व इतर मागासवर्गीय समाजांतही हे जनुक आहे. हे प्रदेश हिवतापाचेही जुने प्रदेश आहेत, हा योगायोग नव्हे.

भारतातील जनुकाच्या सभोवतालची रचना आफ्रिकेतील प्रकारांहून वेगळी असल्याचे १९८० च्या दशकात दिसून आले. त्यावरून ते येथे स्वतंत्रपणे उद्भवले असावे, असे मत पुढे आले. २०१८ मधील एका जनुकीय विश्लेषणाने मात्र सर्व प्रकारांचा उगम सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीच्या एकाच उत्परिवर्तनात असल्याचा निष्कर्ष काढला. भारतीय प्रकारात गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन जन्मानंतरही अधिक प्रमाणात टिकते, त्यामुळे अनेक रुग्णांचा त्रास तुलनेने सौम्य असतो. तथापि विदर्भातील रुग्णांत तीव्र स्वरूपही आढळते. गर्भावस्थेतील हे हीमोग्लोबिन वाढविण्याच्या तत्त्वावर हायड्रॉक्सियुरिया हे औषध आणि २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळालेला जनुक-संपादनाचा पहिला उपचार, हे दोन्ही आधारलेले आहेत. औषध सामान्य रुग्णाच्या आवाक्यात आहे. जनुक-संपादन अद्याप नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. चाळीस वर्षांखालील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणी आवश्यकच आहे. दोन वाहकांच्या विवाहात प्रत्येक अपत्याला विकार होण्याची शक्यता एक चतुर्थांश असते आणि हे आधी कळणे हा त्या दांपत्याचा हक्क आहे. पण ‘एएस पॅटर्न’ असे लिहिलेला कागद घरी येतो तेव्हा तो कोणत्या शब्दांत समजावून सांगितला जातो, यावर बरेच अवलंबून आहे. ‘खराब रक्त’ असे त्याचे भाषांतर झाले तर वाहक मुलीचे लग्न अडते आणि पुढची कुटुंबे तपासणीच टाळतात. अमेरिकेतील १९७० च्या दशकाचा धडा आपल्याला नव्याने गिरविण्याची गरज नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, नैसर्गिक निवड नेहमी सर्वोत्तम गुणधर्म निर्माण करीत नाही आणि डार्विननेही तसे कधी म्हटले नव्हते. उपलब्ध असलेल्यांतूनच ती निवडते. वारशाच्या नियमांनी ती बांधलेली असते. जवळचा लाभ ती पाहते, दूरचा नाही. तिने निवडलेले परिस्थिती बदलल्यावर ओझे होऊ शकते, आणि पुष्कळ बदल तर तिच्या हाताखालून जातच नाहीत. म्हणून ‘सक्षम तोच टिकतो’ याऐवजी ‘त्या जागी, त्या वेळी, जे पुरेसे होते ते टिकले’ असे सांगणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

हे वाक्य फळ्यावर लिहिण्यास कदाचित तितकेसे आकर्षक नाही. परंतु ज्या वर्गात एखादी विद्यार्थिनी दप्तरात आपला तपासणी-अहवाल घेऊन बसलेली असते, त्या वर्गात कोणते वाक्य लिहिले जाते याला महत्त्व आहे. पहिले वाक्य ऐकून ती स्वतःला निसर्गाने नापास केलेली समजेल. दुसरे ऐकून तिला कळेल की, तिच्या रक्तातील हे जनुक तिच्या कितीतरी पूर्वजांना तापातून वाचवून तिच्यापर्यंत आले आहे. हिवताप आटोक्यात येत असताना त्याची गरज आता उरलेली नाही, आणि त्याचे पुढे काय करावयाचे हा निर्णय निसर्गाचा नसून तिचा आहे. विज्ञानाच्या इतिहासाचे अध्यापन एवढे करू शकले तरी ते पुष्कळ झाले.